यादीत बडोद्याचे दरवाजेही असू द्या

पान, पीस, लाल दार अशा शोधायच्या गोष्टींची यादी हातात देऊन मुलांना फिरायला न्यावं, ही तुमच्याकडच्या एका लेखातली कल्पना मनापासून पटली. फक्त आपण बडोदेकरांनी झाडापानांवरच थांबू नये. माझ्या नातवंडांना कीर्ती मंदिराच्या, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकाच्या, शिखरावरचे सूर्य, चंद्र आणि अखंड भारताचा नकाशा असलेली पृथ्वी शोधायला फार आवडतं. आधी कुणाला दिसतं यावर केवढी चुरस! मग मांडवी, जुन्या शहराच्या मधोमध असलेला मंडप. तिथे उभं राहून चार दिशांचे चार दरवाजे ओळखायचे: पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. दिशा शिकवायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहेच, त्याचं लाकूडकाम मुलांना जरूर दाखवा.

वाचता न येणाऱ्या धाकट्यांना यादी चित्रांची द्या. बक्षीस मात्र ठेवू नका, भांडणं होतात आणि बघणं राहून जातं. हो, आणि जायचं ते सकाळी लवकर. एकदा दुकानं उघडली की मांडवीच्या गर्दीत मुलांचा हात क्षणभरही सोडता येत नाही.