एक्स्टर मोठी आणि निऑस छोटी? टेप लावून बघा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फुकटचे सल्ले सुरू होतात. यंदा गाड्यांवरचा एक मेसेज तिघांनी पाठवला, त्यात धाकटा मेहुणाही. मेसेज थोडक्यात असा: ‘हॅचबॅक (मागे डिकीचा भाग बाहेर न आलेली छोटी गाडी) आता कोणी घेत नाही. तेवढ्याच पैशांत छोटी एसयूव्ही येते. ती मोठी असते, सुरक्षित असते, दिसायला भारी असते. हॅचबॅक घ्यायचीच असेल तर सगळ्यांत लांब घ्या आणि सीएनजीतच घ्या, पैसे वसूल.’

मी धुळ्यातला, घर जुन्या गल्लीत, आणि यंदा खरंच गाडी घ्यायचीय. म्हणून मेसेज पुढे ढकलण्याआधी तपासला.

‘कोणी घेत नाही’ हे तर सरळ खोटं. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सगळ्यांत जास्त खपलेली कार वॅगनआर होती, आणि ती हॅचबॅकच आहे. २०२४ या कॅलेंडर वर्षात मात्र टाटा पंच ही छोटी एसयूव्ही पहिली आली, तेही लपवायचं कारण नाही. वारं एसयूव्हीकडे आहे हे खरं. म्हणून हॅचबॅक संपली असं होत नाही.

आता ‘एसयूव्ही मोठी असते’. इथे मेसेज लिहिणाऱ्याने गाडी लांबून पाहिलीय, मोजलेली नाही. ह्युंदाईची हॅचबॅक ग्रँड आय-टेन निऑस ३,८१५ मिलिमीटर लांब. त्याच कंपनीची छोटी एसयूव्ही एक्स्टर? ३,८१५. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर दोघींचंही २,४५०. २०२१ ला आलेली पंच ३,८२७, म्हणजे ३,८६० च्या स्विफ्ट हॅचबॅकपेक्षा आखूडच. एसयूव्हीला जास्त मिळते ती उंची, जमिनीपासूनचं अंतर आणि डिकी. एक्स्टर १,६३१ मिलिमीटर उंच, निऑस १,५२०. त्या पंचचं पोट जमिनीपासून १८७ मिलिमीटर वर, स्विफ्टचं १६३. शेतरस्त्याने केळीच्या बागेपर्यंत जाणाऱ्या सावदा-रावेरकडच्या माणसाला हा इंचभर फरक रोज कळेल. मला, गल्लीतून निघून बाजारात आणि बाजारातून गल्लीत येणाऱ्याला, वर्षातून दोनदा.

कराचंही तेच. ‘छोट्या गाडीला कराची सवलत’ असं लोक म्हणतात, पण ती सवलत नावाला नाही, मापाला आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत असलं की २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के. अल्टोलाही तोच, पंचलाही तोच. त्यामुळे सुरुवातीच्या किमती जवळजवळ आल्यात, मेसेजमधला ‘तेवढ्याच पैशांत’ हा भाग मी मान्य करतो. फक्त ती किंमत शोरूमच्या दारापर्यंतची असते. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर, वर विमा. ते धरून कोटेशन मागा आणि मगच दोन गाड्या शेजारी ठेवा.

मग पेट्रोल येतं. कागदावर स्विफ्ट मॅन्युअल लिटरला २४.८ किलोमीटर देते, पंच मॅन्युअल वीसच्या आसपास. रस्त्यावर दोन्ही आकडे खाली येतात, फरक मात्र उरतो. वर्षाला १२,००० किलोमीटर आणि शंभर रुपये लिटर धरला तर साडेअकरा हजारांच्या घरात.

‘सगळ्यांत लांब हॅचबॅक घ्या’ हा सल्ला तर मला सगळ्यांत चुकीचा वाटतो. लांबी म्हणजे जागा असती तर ३,९९० मिलिमीटरची बलेनो वॅगनआरपुढे राजवाडा ठरली असती. वॅगनआर ३,६५५ लांब, बलेनोपेक्षा फूटभराहून आखूड. पण डिकी बलेनोची ३१८ लिटर आणि वॅगनआरची ३४१. स्विफ्टची २६५. कारण वॅगनआर वर वाढलेली आहे: उंची १,६७५. डब्यासारखी दिसते म्हणून मेहुणा हसतो. हसू दे.

हे मला आकड्यांनी नाही, आईने शिकवलं. तिचे गुडघे गेलेले, नेसणं नऊवारी. एका शोरूममध्ये ठेंगण्या, देखण्या गाडीत बसताना तिने दाराची चौकट धरली, मान वाकवली, डोकं वर आपटलं आणि ‘माय वं!’ म्हणून तशीच बाहेर आली. सेल्समन टचस्क्रीन दाखवत होता. पुढे वॅगनआरपाशी गेलो. तिने पदर सावरला, आधी सीटवर टेकली, मग एकेक पाय आत घेतला. गुडघे वर आले नाहीत. उतरताना कोणाचा हात लागला नाही. ‘हाई बरी शे. उठता-बठता येस.’ तेव्हाच मी खिशातला मोजायचा टेप काढला आणि जमिनीपासून सीटपर्यंत धरला. माहितीपत्रकात हे माप छापत नाहीत, आणि साठीच्या पुढच्या माणसाला तेच लागतं.

दिसण्याबद्दल वाद नको, पण एक गंमत सांगतो. २०१८ च्या स्विफ्टला मागच्या दाराची मूठ खिडकीच्या मागे, खांबात लपवली होती, गाडी दोन दारांची वाटावी म्हणून. भाच्याचा हात पुरायचा नाही, पाहुणा दार शोधत राहायचा. २०२४ च्या स्विफ्टमध्ये ती मूठ गुपचूप दारावर परत आली. मागची खिडकी वर चढत गेलेली गाडी बाहेरून धावती दिसते. आत बसलेल्या पोराला मात्र बाहेरचं काही दिसत नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा मागच्या सीटवर एसीचा झोत येतो का, हे छपराच्या रंगापेक्षा आधी बघा. निऑसच्या वरच्या मॉडेलांत मागे झोत आहे, नव्या स्विफ्टच्याही. वॅगनआरमध्ये नाही, आणि मे महिन्यात मागे बसणाऱ्याला ते खटकणार.

सुरक्षिततेच्या मुद्द्यावर मेसेज अर्धा बरोबर आहे, आणि इथे माझीच पंचाईत होते. गाड्या आपटून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०२३ मध्ये वॅगनआरला प्रौढांसाठी पाचपैकी एक तारा दिला, सांगाडा अस्थिर म्हटलं. आता सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलांत आल्या, सांगाडा मात्र तोच. पंचला २०२१ मध्ये पाच तारे मिळाले होते. पण तारे एसयूव्ही असण्याचे नाहीत. टाटाची अल्ट्रोझ हॅचबॅकच आहे, तिलाही २०२० मध्ये पाच. टाटाच्याच टियागो हॅचबॅकला त्याच वर्षी चार. टाटाच्या या तिन्ही चाचण्या जुन्या, सौम्य नियमांच्या होत्या, तेवढी सूट धरून वाचा.

राहिला सीएनजी. हिशेब सोपा आहे: सीएनजीला साधारण नव्वद हजार जास्त जातात. वॅगनआरचे कागदावरचे आकडे पेट्रोलला लिटरमागे २४.३५, सीएनजीला किलोमागे ३४.०५. पेट्रोल शंभर, गॅस नव्वद धरला तर १२,००० किलोमीटरला वर्षाचे सतरा-साडेसतरा हजार वाचतात. नव्वद हजार निघायला पाच वर्षं. रोज धुळे-जळगाव करणाऱ्याचे दोन वर्षांच्या आत निघतील, त्याने खुशाल घ्यावी. माझे नाहीत. शिवाय ज्या डिकीचं एवढं कौतुक केलं, ती टाकीच गिळते. आखाजीला बहिणीच्या दोन बॅगा, लोणच्याची बरणी आणि पोरांचा पसारा ठेवायचा कुठे? टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझला डिकीच्या तळाखाली दोन छोट्या टाक्या बसवल्या, तिथे २१० लिटर तरी उरतात.

घाटाचं म्हणाल तर चाळीसगावहून कन्नड चढताना पाच माणसं आणि एसी असला की एक लिटर इंजिनची गाडी दुसऱ्या गिअरवर येते. येऊ दे. वर्षातून किती वेळा चढतो आपण कन्नड घाट?

मेहुण्याला हे सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, ‘म्हणजे शेवटी डबाच घेणार?’ अजून ठरलेलं नाही, तो एक तारा डोक्यातून जात नाही. टियागोची उंची १,५३५ आहे, पण सीट किती वर आहे ते कळलेलं नाही. शनिवारी आईला घेऊन जातो. टेप खिशातच आहे.