उघडे टाकलेले घड्याळ
मालिका संपली याचा मला राग नाही. माणूस थकतो, कंटाळतो, त्याच्यामागे दुसरी कामे लागतात, आणि आयुष्यभर आमच्यासाठी भाग काढत बसा असे सांगणारी मी कोण? राग आहे तो निरोप घेण्याच्या तऱ्हेचा.

जुनी घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांची ती ऑनलाइन मालिका होती. त्यांचा चेहरा कधीच दिसला नाही. दिसायचे ते फक्त दोन हात, वरून सोडलेला दिवा आणि काढलेले स्क्रू क्रमाने मांडून ठेवलेली पांढरी बशी. पार्श्वसंगीत नाही की सबस्क्राइब करण्याची आर्जवे नाहीत. दर शनिवारी रात्री नवा भाग यायचा आणि मी हातातले काम तसेच टाकून तो पाहायला बसायचे.

शेवटचे घड्याळ भिंतीवरचे, टोल्यांचे होते. अशा घड्याळात दोन स्प्रिंगा असतात, एक काटे चालवणारी आणि दुसरी टोले देणारी. पहिल्या भागात त्यांनी काटे चालते केले. तरीही तीन वाजता अकरा टोले पडत होते, कारण त्या जातीच्या घड्याळात टोल्यांची संख्या खाचा असलेले एक चाक ठरवते आणि काटे कुठे आहेत याचा त्या चाकाला पत्ताच नसतो. दुसऱ्या भागात ते सगळे सुटे करून टेबलावर मांडले गेले, ‘आता पुढच्या शनिवारी जोडू’ असे सांगून दिवा मालवला गेला, आणि पुढच्या शनिवारी आला तो निरोपाचा व्हिडिओ.

त्याची लांबी आठ मिनिटे अकरा सेकंद. यूट्यूबवर व्हिडिओच्या अधेमधे जाहिराती लावायच्या तर तो किमान आठ मिनिटांचा असावा लागतो (२०२० च्या जुलैपर्यंत ही अट दहा मिनिटांची होती), तेव्हा ते वरचे अकरा सेकंद निव्वळ योगायोगाचे आहेत हे मला कोणी पटवून देऊ नये. त्या आठ मिनिटांत ‘हा सुंदर प्रवास’ होता, ‘तुमचे प्रेम’ होते, कुठल्याशा ॲपची दीड मिनिट भलामण होती, आणि थांबण्याचे कारण मात्र ‘काही कारणास्तव’ एवढ्या दोन शब्दांत उरकलेले होते. टेबलावर पडलेल्या घड्याळाचा उल्लेखसुद्धा नाही!

एवढ्यावर थांबले असते तरी मी गप्प बसले असते. तिसऱ्या दिवशी जुने सगळे भाग प्रायव्हेट करण्यात आले. मी वर्षानुवर्षे जमवलेली प्लेलिस्ट उघडली तर काही व्हिडिओ उपलब्ध नसल्यामुळे लपवले आहेत, अशी सूचना. ते दाखवा म्हटल्यावर करड्या चौकटींची लांबच लांब रांग, आणि कोणता भाग कुठला हे कळायला एकाही चौकटीवर नाव नाही. हे भाग तिथे राहू दिले असते तर त्यांना एक पैसाही भरावा लागला नसता. जाहीरपणे ठेवायचे नव्हते तर अनलिस्टेड करण्याची सोय होती, म्हणजे ज्यांच्याकडे लिंक आहे त्यांना तरी ते पाहता आले असते. ती एक क्लिकसुद्धा जड झाली.

यावर ‘फुकट पाहत होतात ना, मग तक्रार कसली?’ असे ऐकवणारे महाभाग आहेतच. फुकट कसले? आम्ही निमूटपणे जाहिराती पाहिल्या, आणि अशा लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा करणाऱ्याला मिळतो. तो त्यांनी खुशाल घ्यावा, त्यांच्या कसबाचे ते मोल आहे. पण हातात घेतलेले घड्याळ जोडून देण्याला फार तर आणखी एक शनिवार लागला असता. तीन वाजता अकरा टोले का पडतात एवढे मला आता नीट समजले आहे; ते तीन कसे करायचे, हे त्या पांढऱ्या बशीतल्या स्क्रूंबरोबर तिथेच राहिले.