दोन ग्राफिक्स कार्डं म्हणजे एक दुप्पट कार्ड नव्हे

सल्ला फिरतोय तो असा: "एक महागडं कार्ड कशाला? तेवढ्याच पैशात मधल्या फळीची दोन घ्या. वेग दुप्पट, मेमरी दुप्पट. आत्ता जमत नसेल तर एकच घ्या, दुसरं पुढच्या वर्षी जोडा. पूर्वी अडचणी होत्या, पण डायरेक्टएक्स १२ने त्या सोडवल्यात. रेंडरिंग आणि एआयला तर दोनच बरी. शिवाय एक बिघडलं तरी दुसरं आहेच."

एकेक दावा तपासू. तपासताना एकच प्रश्न हाताशी ठेवायचा: दोन कार्डांत काम वाटून देणार कोण? कार्डं ते आपापसांत ठरवत नाहीत.

"वेग दुप्पट होतो"

गेममध्ये ही वाटणी पूर्वी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर करायचं. दोन कार्डं जोडण्याच्या अशा तंत्राचं एसएलआय हे नाव मुळात थ्रीडीएफएक्स या जुन्या कार्ड-कंपनीचं. १९९८च्या वूडू २मध्ये दोन कार्डं पडद्याच्या एकाआड एक ओळी काढायची. २००४मध्ये एनव्हिडियाने तेच लघुनाम वेगळ्या तंत्रासाठी वापरलं, २००५मध्ये एटीआयची क्रॉसफायर आली. या दोन्हींत रुळलेली रीत म्हणजे एक फ्रेम (पडद्यावरचं एक स्थिर चित्र) या कार्डाला, पुढची त्या कार्डाला.

या रीतीला दोन जुनी दुखणी आहेत. पहिलं, फ्रेमांमधलं अंतर समान राहत नाही. समजा फ्रेमा आळीपाळीने ८ आणि २५ मिलिसेकंदांनी आल्या. सरासरी १६.५, म्हणजे आकडा दिसतो सेकंदाला साधारण ६० फ्रेमांचा. डोळ्याला मात्र ते २५ मिलिसेकंदच खटकतात आणि हालचाल चाळीसच्या आसपास असल्यासारखी अडखळते. म्हणून दोन कार्डांच्या चाचणीत सरासरी फ्रेमा बघू नका, फ्रेम-टाइमचा आलेख बघा. दुसरं दुखणं विलंबाचं. एका कार्डाला एक फ्रेम काढायला ३३ मिलिसेकंद लागत असतील, तर दोन कार्डांनी फ्रेमांची संख्या ६०वर जाते, पण प्रत्येक फ्रेम तयार व्हायला अजूनही ३३ मिलिसेकंदच लागतात. माउस हलवल्यावरचा प्रतिसाद त्यामुळे साठ फ्रेमांचा वाटत नाही.

या दुखण्यांसकट गाडा काही वर्षं चालला. तो खऱ्या अर्थाने अडला तो गेम काढण्याची पद्धत बदलल्यावर. आजच्या गेममधलं टीएए (कडा गुळगुळीत करणं), डीएलएसएससारखं अपस्केलिंग (लहान चित्र काढून मोठं करणं), ही सगळी तंत्रं मागच्या फ्रेमची माहिती घेऊन पुढची फ्रेम घडवतात. मागची फ्रेम दुसऱ्या कार्डाच्या मेमरीत असेल, तर ती येईपर्यंत हे कार्ड थांबतं. एकाआड एक वाटणीचा पायाच त्यामुळे निखळतो. आणि प्रोसेसरच कमी पडत असेल, तर दुसऱ्या कार्डाने काहीच वाढत नाही.

"मेमरी दुप्पट होते"

गेममध्ये नाही. दोन्ही कार्डं एकाच दृश्याच्या फ्रेमा काढतात, म्हणून टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) आणि वस्तूंची मॉडेलं दोन्हींत जसंच्या तसं ठेवावं लागतं. ८ अधिक ८ याचं उत्तर इथे ८च येतं.

"दुसरं नंतर जोडता येतं"

कशाला जोडणार? एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेत दोन कार्डं जोडणारा एनव्हीलिंकचा जोड फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला होता. ४० मालिकेत तो ४०९०लाही नाही. आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या कार्डांसाठी १ जानेवारी २०२१पासून नवे एसएलआय प्रोफाइल (त्या त्या गेमसाठी वाटणीच्या सूचना) देणं एनव्हिडियाने थांबवलं. एएमडीकडे २०१९च्या आरएक्स ५७०० एक्सटीलाच क्रॉसफायर नव्हती. म्हणजे वाटणी करणारा ड्रायव्हर केव्हाच रजेवर गेला. दुसरं कार्ड बोर्डात बसेल, विंडोजला दिसेल आणि गेम चालू असताना गप्प बसून राहील.

"डायरेक्टएक्स १२ने अडचण सोडवली"

हा अर्धसत्याचा नमुना. विंडोजवरचे गेम ज्यातून कार्डाशी बोलतात त्या २०१५च्या डायरेक्टएक्स १२मध्ये अनेक कार्डं, अगदी वेगवेगळ्या कंपन्यांचीही, एकत्र वापरायची सोय खरंच आहे, आणि 'ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी' या गेमने ती वापरून दाखवली. पण वाटणीची जबाबदारी ड्रायव्हरकडून निघून गेम लिहिणाऱ्यावर आली. दोन कार्डं असलेले खेळाडू मूठभर, त्यांच्यासाठी हा उपद्व्याप करणारे त्याहून कमी. वाट मोकळी झाली, चालणारे नाहीत.

हल्ली याला एक पुरवणी जोडली जाते: लॉसलेस स्केलिंगसारख्या प्रोग्रॅममध्ये जादा फ्रेमा तयार करायचं काम दुसऱ्या कार्डावर टाकता येतं. हे खरं आहे, पण मूळ फ्रेमा पहिलंच कार्ड काढतं. ते तोकडं असेल तर तोकडंच राहतं.

"रेंडरिंग आणि एआयला तरी दोनच बरी"

इथे दाव्यात दम आहे, कारण इथे वाटणी प्रोग्रॅम स्वतः करतो. तरी हिशेब करून बघा. दोन आरटीएक्स ३०६०, १२ जीबीच्या, विरुद्ध एक ३०९०. दोन्हीकडे एकूण मेमरी २४ जीबी. वीजही जवळपास सारखीच: १७०च्या दुपटीने ३४० वॉट, समोर ३५०.

रेंडरिंग म्हणजे थ्रीडी दृश्यातून (सीनमधून) तयार चित्र काढणं. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅमच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये प्रेफरन्सेस, सिस्टिम इथे जाऊन दोन्ही कार्डांवर खूण केली की वेग चांगला वाढतो. पण संपूर्ण सीन प्रत्येक कार्डात मावला पाहिजे, म्हणजे मर्यादा १२ जीबीचीच. सीन १५ जीबीचा झाला की डेटा सिस्टिमच्या रॅममध्ये सांडतो आणि काम रांगायला लागतं, नाहीतर मेमरी संपल्याची चूक येऊन रेंडर थांबतो. ३०९०वर तोच सीन निवांत चालतो. ॲनिमेशन असेल तर दोन कार्डांचा याहून चांगला उपयोग आहे: ब्लेंडरच्या दोन प्रती चालवा, प्रत्येकीला एकेक कार्ड द्या आणि आउटपुटमध्ये प्लेसहोल्डर्स चालू, ओव्हरराइट बंद ठेवा. एका प्रतीने घेतलेली फ्रेम मग दुसरी पुन्हा काढत नाही.

भाषेच्या मॉडेलांची गोष्ट उलटी. भाषेची मॉडेलं घरच्या संगणकावर चालवणारा लामा-सीपीपीसारखा प्रोग्रॅम मॉडेलचे थर (एकामागून एक चालणारे भाग) दोन कार्डांत विभागतो, म्हणून १२ अधिक १२मध्ये २० जीबीचं मॉडेल खरोखर मावतं. इथे मेमरीची बेरीज होते, वेगाची होत नाही. एक टोकन (शब्द किंवा त्याचा तुकडा) आधी पहिल्या कार्डाच्या थरांतून जातं, मग दुसऱ्याच्या. एक राबतं तेव्हा दुसरं बसून असतं. ३०६०ची मेमरी सेकंदाला ३६० जीबी वाचते. दर टोकनला २० जीबी वाचायचे, तर सेकंदाला कमाल १८ टोकन. ३०९०चा दर ९३६, म्हणून तिथे कमाल जवळपास ४७. प्रत्यक्षात दोन्हीकडे आकडे याहून खाली येतात, तफावत राहतेच. दोन कार्डांची बाजू पक्की होते ती मॉडेल एका कार्डात मावतच नाही तेव्हा. ४ बिटांत आवळलेलं ७० अब्ज पॅरामीटरचं (आतल्या आकड्यांचं) मॉडेल साधारण ४० जीबीचं. तिथे २४ जीबीची दोन हवीत, मधल्या फळीची दोन नव्हेत.

"एक बिघडलं तरी दुसरं आहेच"

पडदा चालू ठेवण्यापुरतं काम प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही करतं, असलं तर.

एवढं करूनही रेंडरिंगसाठी किंवा मोठ्या मॉडेलसाठी दोन कार्डं घ्यायची ठरली, तर आधी बोर्डाचं मॅन्युअल उघडा. लांबीला दोन्ही स्लॉट सारखे दिसतात, पण नेहमीच्या बोर्डांवर दुसऱ्यामागे बरेचदा चिपसेटकडून (बोर्डावरच्या मदतनीस चिपकडून) आलेल्या चारच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, असतात. प्रोसेसरच्या सोळा लेन आठ-आठ वाटणारे बोर्ड वेगळे मिळतात. थर विभागून मॉडेल चालवायला चार लेन भागतात, फक्त ते लोड व्हायला वेळ लागतो.

एक स्लॉट २०.३२ मिलिमीटरचा. कार्ड अडीच स्लॉट जाड आणि दुसरा स्लॉट तीन घरं खाली असेल, तर दोघांमध्ये जेमतेम १० मिलिमीटरची फट उरते. वरच्या कार्डाच्या पंख्यांना मग खालच्या कार्डाने तापवलेली हवा मिळते आणि ते आपला वेग स्वतःच उतरवतं. मध्ये निदान एक रिकामा स्लॉट तरी हवा.

कार्डाला वीज देणारा आठ पिनांचा जोड १५० वॉटचा. पॉवर सप्लायपासून प्रत्येक कार्डाला स्वतंत्र केबल न्या. एकाच केबलच्या दोन तोंडांवर दोन कार्डं लटकवू नका, ताण केबलवर आणि तिच्या सप्लायकडच्या जोडावर येतो. सगळं बसल्यावर जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कार्डाला किती लेन मिळाल्या आणि लिंकचा वेग किती ते पाहा, तेही कार्डावर भार टाकूनच, कारण रिकामं असताना कार्ड लिंकचा वेग खाली आणतं आणि आकडा बघून उगाच धास्ती बसते.