कार्डाची थकबाकी वाढवावी कशी

क्रेडिट कार्डाचे बिल दर महिन्याला पूर्ण भरणारा ग्राहक हा बँकेच्या दृष्टीने अगदीच निरुपयोगी प्राणी असतो. तो महिना-दीड महिना बँकेचा पैसा बिनव्याजी वापरतो, वर रिवॉर्ड पॉइंट उकळतो आणि मुदतीच्या दिवशी पै न पै चुकती करून मोकळा होतो. अशा माणसाला वाढदिवसाचा एक एसएमएस येतो, तेवढाच काय तो संबंध. आपल्याला याहून घनिष्ठ नाते हवे असेल, म्हणजे सकाळी आठच्या ठोक्याला कोणीतरी नाव घेऊन विचारपूस करावी, दारावर माणूस यावा, आपल्या नावाने न्यायालयाच्या शिक्क्याचा कागद निघावा अशी इच्छा असेल, तर बिल थकवण्याला पर्याय नाही. नागपुरातल्या इच्छुकांसाठी त्याची रीत पुढे दिली आहे. कष्ट मुळीच नाहीत. जे काही साधायचे आहे ते न करण्यातूनच साधते.

आरंभ कार्ड घेण्यापासून करावा. बर्डीवर किंवा वर्धा रोडवरच्या एखाद्या मॉलमध्ये टेबल मांडून उभा असलेला टायवाला मुलगा ‘सर, लाइफटाइम फ्री आहे’ असे म्हणेल, तेव्हा नेमके काय फ्री आहे ते विचारू नये. फुकट असते ते वार्षिक शुल्क. व्याजाचा दर तोंडी सांगितलाच तर महिन्याचा सांगतात, कारण ‘साडेतीन टक्के’ हा आकडा पतसंस्थेच्या ठेवीवरच्या व्याजापेक्षाही किरकोळ वाटतो. त्याला बाराने गुणण्याचा मोह आवरावा. गुणलेच तर वर्षाचे 42 टक्के येतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली वार्षिक 30 टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती, परंतु सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निर्णय रद्द केला, तेव्हा त्या आशेवरही वेळ घालवण्याचे कारण उरलेले नाही.

दर महिन्याला ई-मेलवर येणारे स्टेटमेंट उघडू नये. नावाची पहिली चार अक्षरे आणि त्यापुढे जन्मतारीख असा काहीसा पासवर्ड टाकल्याशिवाय ते उघडत नाही, आणि स्वतःच्याच कर्जाचा आकडा पाहण्यासाठी एवढी खटपट कोण करतो? शिवाय केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबेल आणि थकबाकीवर चक्रवाढ व्याज बसेल, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने त्यात छापायला लावली आहे. सणासुदीच्या दिवसांत असे अशुभ वाचू नये.

नाइलाजाने स्टेटमेंट उघडलेच, तर त्यात दोन आकडे दिसतील, एक एकूण देय रकमेचा आणि दुसरा किमान देय रकमेचा. मोठ्या आकड्याकडे पाठ फिरवून धाकट्यावर जीव लावावा. समजा थकबाकी एक लाखाची आहे आणि किमान रक्कम तिच्या पाच टक्के, म्हणजे 5,000 रुपये. साडेतीन टक्क्यांनी महिन्याचे व्याज 3,500 रुपये होते, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 630, एकूण 4,130. म्हणजे आपण ऐटीत भरलेल्या पाच हजारांपैकी मुद्दलात जमा होतात 870 रुपये. किमान रक्कम ठरवताना थकबाकी उलटी वाढत जाणार नाही एवढी ती असावी, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा निर्देश आहे; 870 रुपयांची का होईना, ही घटच असल्यामुळे निर्देशाचे तंतोतंत पालन होते आणि बँक, नियामक व आपण असे तिघेही समाधानाने झोपतो. त्याच आठवड्यात मित्रांना घेऊन सावजीकडे हजाराचे जेवण कार्डावर केले, की ते 870 पुन्हा जागेवर येऊन बसतात. मागची बाकी असल्यामुळे नव्या खर्चाला बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणून मटणाचा रस्सा पोटात उतरण्यापूर्वीच त्याचे व्याज सुरू झालेले असते. तिखटाचा दाह निदान दुसऱ्या दिवशी ओसरतो.

एवढे साधले की पुढची पायरी किमान रक्कमही न भरण्याची. येथे एक धोक्याचा टप्पा आहे. मुदत उलटल्यावर तीन दिवसांपर्यंत बँकेला विलंब शुल्क लावता येत नाही आणि कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या पतमाहिती कंपनीला कळवताही येत नाही, त्यामुळे या तीन दिवसांत चुकून पैसे भरले गेले तर दंड नाही की डाग नाही, सगळ्या तपश्चर्येवर पाणी. हे दिवस चिखलदऱ्याला जाऊन काढलेले उत्तम. त्यानंतर 90 दिवस निष्ठेने काहीही भरले नाही, की आपले खाते अनुत्पादक, म्हणजे थकीत कर्जाचे (एनपीए) म्हणून वर्ग होते.

घरातील वडीलधारी मंडळी या काळात दामदुपटीचा जुना नियम सांगतील, की एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये. तो सावकाराच्या ओट्यावर ठणकावून सांगण्यासारखा होता. बँकेच्या बाबतीत, व्याजाचा दर अवाजवी आहे एवढ्या कारणावरून न्यायालयाने खाते पुन्हा उघडू नये, असे बँकिंग नियमन कायद्याचे कलम 21-अ सांगते. साडेतीन टक्क्यांच्या चक्रवाढीने रक्कम एकविसाव्या महिन्यात दुप्पट होते, आणि यात जीएसटी व दर महिन्याचे विलंब शुल्क धरलेले नाही. सावकार हे गणित ऐकून चष्मा पुसत बसला असता.

काही आशावादी मंडळी कर्जमाफीची वाट पाहतात. नागपूरकराला हे शोभूनही दिसते, कारण हिवाळी अधिवेशन आपल्याच गावी भरते आणि दोन लाखांपर्यंतच्या शेतकरी कर्जमुक्तीची घोषणा 21 डिसेंबर 2019 रोजी इथल्याच विधिमंडळात झाली होती. कार्डधारकांचा मोर्चा अजून कोणी काढलेला ऐकिवात नाही. काढलाच, तर कार्डावर घेतलेला टीव्ही कोणत्या हंगामात, कोणत्या अवकाळीने बुडाला याचा पंचनामा जोडावा लागेल. तोवर तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ‘घेऊन जा गे मारबत’ असे ओरडताना आपले स्टेटमेंट मिरवणुकीतल्या बडग्याच्या पुतळ्याच्या गळ्यात अडकवून पाहायला हरकत नाही. मारबतीने रोगराई नेल्याचे सांगतात. बँकेची येणी नेल्याची नोंद नाही.

दरम्यान एका कार्डाचे बिल दुसऱ्या कार्डाने फेडण्याची कला शिकून घ्यावी. दुकानात कार्ड स्वाइप करून कमिशन कापून रोख देणारे सद्‌गृहस्थ शहरात भेटतात; ते न भेटल्यास सरळ एटीएममधून क्रेडिट कार्डावर रोख काढावी, जिच्यावर काढल्या क्षणापासून व्याज लागते आणि वेगळे शुल्कही. वर्षाच्या आत एका कार्डाची चार कार्डे होतात.

आता फोनविषयी, कारण या शास्त्राचा गाभा तिथेच आहे. पहिल्या महिन्यात येणारा फोन चुकूनही उचलू नये. त्या फोनवरचा आवाज नम्र असतो, आणि ‘माझी नोकरी गेली आहे, मला एवढेच झेपेल’ असे आपण सांगितले, तर बाकीचे रूपांतर कमी व्याजाच्या मासिक हप्त्यांत करून देण्याची तयारीही बँका पुष्कळदा दाखवतात. एकदा का हप्ते बांधून घेतले, की या लेखातले पुढचे सगळे अनुभव हातचे गेले. म्हणून नंबर ‘स्पॅम’ या नावाने सेव्ह करावा आणि चौथ्या महिन्याची प्रतीक्षा करावी. तेव्हाचा फोन वसुली एजंटाचा असतो आणि तो हिंदीत बोलतो. आपण मराठीत उत्तर दिले तरी तो हिंदीतच राहतो. ‘सर, आज शाम तक कितना डाल रहे हो?’ यावर ‘पाहतो’ म्हणावे. ‘पाहतो मतलब कितना?’ यावर गप्प राहावे. पाच मिनिटांनी तोच प्रश्न दुसऱ्या नंबरावरून येतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एजंटाने सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, शिवीगाळ किंवा धमकी देऊ नये, नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास देऊ नये. त्याने भंडाऱ्याच्या मामांना फोन करून आपली कीर्ती सांगितली, तर तो नियम मोडतो आहे, आणि त्याबद्दल बँकेकडे लेखी तक्रार करता येते. 30 दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, 14448 या क्रमांकावर माहितीही मिळते. संविधान चौकातल्या सिग्नलवर रिझर्व्ह बँकेची इमारत रोज नजरेसमोर असली तरी हा विचार मनात येऊ देऊ नये. तक्रार लिहायची म्हणजे आधी आपली थकबाकी कागदावर मान्य करावी लागते, आणि तेवढे धैर्य असते तर पहिल्याच महिन्यात फोन उचलला नसता का?

याच सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर अशोकस्तंभ छापलेले एक ‘अटक वॉरंट’ येण्याचा संभव असतो. ते पाहून पुरेसे घाबरावे. कार्डाचे बिल थकवणे हा मुळात दिवाणी मामला असतो, त्यासाठी पोलीस उचलून नेत नाहीत. म्हणून एजंटाच्या सांगण्यावरून पुढच्या तारखेचा चेक लिहून द्यावा आणि त्या तारखेला खात्यात काही ठेवू नये. न वटलेल्या चेकसाठी परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. जे बँकेला जमत नव्हते ते आपल्या एका सहीने जमते.

पगाराचे खाते त्याच बँकेत ठेवणे विशेष फलदायी आहे. पगार जमा झाल्याचा मेसेज येतो, आपण लक्ष्मीनगरच्या एटीएमसमोर रांगेत उभे राहतो, पिन टाकतो, आणि पडद्यावर शिल्लक 38,000 व उपलब्ध शिल्लक शून्य असे एकाखाली एक दिसते. मागचे गृहस्थ ‘मशीन बंद आहे का भाऊ?’ असे विचारतात. मशीन उत्तम चालू असते. बँकेने खात्यावर लिअन, म्हणजे धारणाधिकार लावलेला असतो आणि त्याला संमती देणारे कलम आपण त्या टायवाल्या मुलाच्या टेबलावर न वाचता सही केलेल्या अर्जात होते.

सिबिल, म्हणजे आपली कर्जफेडीची पत मोजणारा गुणांक, याबद्दल थोडक्यात सांगतो. 300 ते 900 मधला तो आकडा घसरला म्हणून जेवण गोड लागायचे थांबत नाही. मनीषनगरातल्या फ्लॅटसाठी गृहकर्जाचा अर्ज केला म्हणजेच त्याची आठवण होते. आपण बँक परीक्षांच्या क्लासला जात असाल तर मात्र स्टेट बँकेच्या भरतीची जाहिरात शेवटपर्यंत वाचू नये. कर्ज किंवा क्रेडिट कार्ड थकवल्याची नोंद असलेला उमेदवार अपात्र, असे त्यात लिहिलेले असते.

दारावर राष्ट्रीय लोकअदालतीची ‘दाखलपूर्व’, म्हणजे दावा दाखल होण्यापूर्वी तडजोडीला बोलावणारी नोटीस आली, तर ती फ्रिजवर ठेवून द्यावी. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्या दिवशी बँकेचे अधिकारी टेबल लावून बसतात, दंड-व्याजात घसघशीत सूट द्यायला राजी असतात, कोर्ट फी लागत नाही, आणि झालेल्या तडजोडीवर अपीलही नसते. एवढ्या सोयी एकत्र आल्या की माणसाला सिव्हिल लाइन्समध्ये पार्किंग मिळत नसल्याची आठवण व्हावी. मग बँक समरी, म्हणजे झटपट निकालाचा दावा लावते, समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत आपण हजर होत नाही, आणि हुकूमनामा बँकेच्या मागणीप्रमाणे होतो. पगारावर जप्ती आली, तरी कायदा पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश आपल्याकडे राहू देतो. चाळीस हजारांच्या पगारातून 13,000 गेले; किमान रकमेचे ते पाच हजार आठवतात ना, त्यांच्यापेक्षा हे फार नाही.

शेवटी तडजोड करावीच लागली, तर ती एजंटाशी, चहाच्या टपरीवर, तोंडी करावी. बँकेच्या शिक्क्याचे सेटलमेंटचे पत्र मागू नये, रक्कम रोखीने द्यावी, पावतीचे नाव काढून त्याचा अपमान करू नये, आणि नंतर ‘नो ड्यूज’ दाखल्यासाठी बँकेत हेलपाटे घालू नयेत. सारे रीतसर झाले असते तरी पत अहवालात ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ हाच शेरा वर्षानुवर्षे राहिला असता. बिनपावतीच्या तडजोडीत तेवढाही लागत नाही, थकबाकी जशीच्या तशी राहते. मग बँक ते खाते थकीत कर्जे विकत घेणाऱ्या एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकून टाकते, आणि एका सकाळी आठ वाजता अनोळखी नंबरावरून नवा माणूस अत्यंत नम्रपणे विचारतो, ‘सर, आपका एक पुराना कार्ड था ना?’