रोड टॅक्स रस्त्यावर खर्च होतो, हा समजच चुकीचा

चोपडा, शिरपूर, भुसावळ, जिकडचा ग्रुप उघडावा तिकडे हाच मेसेज फिरतोय: "गाडी घेताना रोड टॅक्स भरला, पेट्रोलवर सेस भरतो, फास्टॅगमधून टोल कापतात. हा पैसा रस्त्याला वापरला तर खान्देशात एक खड्डा दिसणार नाही." संताप खरा आहे. हिशेब चुकलाय, आणि त्यामुळे आपली मागणी भलत्याच टेबलावर जाते.

रोड टॅक्स हा १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याखालचा राज्याचा कर. तो राज्याच्या तिजोरीत जातो. त्यातून शिक्षकांचे पगारही होतात, दवाखान्याची औषधंही येतात. रस्त्यासाठी तो वेगळा बांधून ठेवलेला नाही.

सेसचं तसं नाही. तो रस्त्याच्याच नावाने घेतला जातो, २००० च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने. पण २०१८ मध्ये त्या निधीच्या नावात 'पायाभूत सुविधा' आल्या आणि रेल्वे, पाणीपुरवठ्यासारख्या कामांनाही दार उघडलं. शिवाय वित्त आयोगाच्या शिफारशीने राज्यांना केंद्राच्या करांचा वाटा मिळतो, त्यात सेस धरत नाहीत. इथली तक्रार मला पूर्ण मान्य आहे.

टोलचा तर गावरस्त्याशी संबंधच नाही. धुळे–जळगाव महामार्गाचं फागणे–तरसोद चौपदरीकरण हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीचं: बांधकाम चालू असताना ४० टक्के सरकार देतं, ६० टक्के कंपनी उभे करते आणि ते तिला पुढे वर्षानुवर्षं हप्त्यांनी मिळतात. टोल महामार्ग प्राधिकरणाचा. यावलच्या शिवाररस्त्याला तो मिळत नाही.

आता खड्ड्यांचं. पैसा ओतला की खड्डा जातो, हे मला अजिबात पटत नाही. आपली माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आमच्या गावच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी चारी होती. शेतात ट्रॅक्टर उतरवायला आम्हीच ती मुरूम टाकून बुजवली, खाली पाइपसुद्धा घातला नाही. ठिबकचं आणि पावसाचं पाणी डांबराच्या कडेला थांबतं, साइडपट्टी भुसभुशीत होते आणि भरलेला केळीचा ट्रक कडेला दबला की डांबराचा तुकडाच निघतो. मोठाले खर्च लागत नाहीत, चारी मोकळी लागते. पॅचवर्क तिथे एक पावसाळाही टिकत नाही.

म्हणून आधी विचारायचं: हाऊ रस्ता कोना शे? (हा रस्ता कोणाचा आहे?) राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग अशी वर्गवारी आहे. शेवटचे दोन जिल्हा परिषदेचे. त्यांचा पैसा जिल्हा नियोजन समितीतून, ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांखाली (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या क्रमांकांखाली) येतो. ग्रामसभेचा ठराव करून, रस्त्याचा क्रमांक टाकून अर्ज जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या उपअभियंत्याकडे द्या आणि आराखड्यात तो रस्ता आहे का ते विचारा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता असेल तर पहिली पाच वर्षं देखभाल ठेकेदाराच्याच करारात असते. गावाच्या तोंडाशी लावलेल्या पाटीवर काम पूर्ण झाल्याची तारीख वाचा, पाच वर्षं झाली नसतील तर फोटो काढून अर्जाला जोडा.