शेवंती, म्हणे!

"ताई, ती कुंडी आत नका आणू. फाटकाबाहेर ठेवा."

नर्सरीतल्या माळीदादांचं हे वाक्य परवापासून कानात आहे. त्या नर्सरीत लोक चिखलाच्या चपला घेऊन फिरतात, एकजण तर कुत्रा घेऊन आला होता. माझी कुंडी मात्र बाहेर!

झालं होतं इतकंच. जास्वंदीशेजारच्या रिकाम्या कुंडीत एक रोप आपणहून उगवलं. पानं कातरलेली, झालरीसारखी. मोबाइलला फोटो दाखवला, तो म्हणाला शेवंती. मग शेणखत घातलं. खोडावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तेव्हा लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि साबणाचे दोन थेंब घालून फवारलं. तरी पुंजके हटेनात, म्हणून रिक्षात मांडीवर घेऊन निघाले.

फाटकाशी गांडूळखताची पिशवी धरून एक काका उभे होते. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी पान खुडलं, चुरगळलं, हुंगलं, डोळे मिटले. "रानओवा."

"मोबाइल शेवंती म्हणतोय."

"मोबाइलला वास येतो का?" याला उत्तर नव्हतं. "आमच्या आत्याचा १२ वर्षांचा खोकला गेला याने. काढा करायचा. मूळव्याधीवर लेप." आणि चांगली डहाळी मोडून खिशात घातली. माझ्या रोपाची! विचारायची पद्धत असते की नाही?

तेवढ्यात माळीदादा म्हणाले, "गाजरगवत आहे ते."

काका एक क्षणही अडखळले नाहीत. "तेच सांगतोय मी यांना कधीचा! अमेरिकेच्या गव्हातून आलं हे. रेशनचा लाल गहू, आठवतो?" मला कसा आठवणार? मी काय तेव्हा रांगेत होते? पण १९५०च्या दशकात हे गवत देशात पहिल्यांदा डोळ्यांवर आलं ते पुण्यातच, हे खरं. म्हणजे शहराचा मान मी घरी शेणखत घालून वाढवत होते. फोनलाही फार दोष देता येत नाही. गाजरगवत शेवंतीच्याच कुळातलं. पण कुळ विचारलं होतं कोणी?

"ते पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण," माळीदादा म्हणाले. "या गवतावर पोसतात आणि मग जास्वंदीवर जातात. मुंग्या दिसतायत ना? या ढेकणांच्या अंगातून गोड चिकटा येतो, त्यासाठी मुंग्या त्यांना सांभाळतात. फुलायच्या आत उपटा, हातमोजे घालून. अंगाला खाज सुटते."

तीन आठवडे उघड्या हातांनी गोंजारलं त्याला. लगेच कोपर खाजायला लागलं. वर नीमतेलाची मोठी बाटली गळ्यात मारली ती वेगळीच.

कुंडी उचलायला वाकले, तेव्हा काका दुसरीकडे बघत होते. घरी येऊन पिशवी रिकामी केली, तर बाटलीखाली ती डहाळी.