कापड तासभर बुडवून का ठेवायचं नाही

नमस्कार. आदिरे म्हणजे नायजेरियातल्या योरुबा लोकांचं निळीचं, नक्षीदार रंगकाम. त्याच्या वाळवंटातल्या कार्यशाळेबद्दल तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. योरुबा रंगकाम नायजेरियाचं, ते रुक्ष वाळवंटात शिकवणं हे नाटक. आणि निळीच्या माठात पाच-पाच मिनिटांच्या दहा-बारा बुड्या हा वेळकाढूपणा. शिवाय घरी तासभर बुडवलेल्या कापडाची खळ (नक्षीवर रंग चढू नये म्हणून लावलेला पिठाचा लेप) सुटली आणि रंग हाताला लागतो, असंही लिहिलंत.

पहिल्यात थोडं तथ्य आहे. एलू हा नीळ देणारा वेल पश्चिम आफ्रिकेतल्या दमट जंगलाचा. पण त्याची कोवळी पानं कुटून गोळे वळतात, वाळवतात, आणि ते कुठेही नेता येतात. वाळवंटात खरा त्रास देतो तो रात्रीचा गारठा. आंबवणाचा माठ, म्हणजे राखेच्या पाण्यात हे गोळे आंबवलेलं रंगाचं भांडं, साधारण तीस अंशांवर राहिला नाही तर जिवाणू सुस्तावतात, म्हणून तो गोधड्यांत गुंडाळावा लागतो. कोरड्या वाऱ्यानं खळही भराभर तडकते आणि त्या भेगांतून निळ्या शिरा उमटतात. कापड सावलीत वाळवा.

दुसरा आक्षेप मात्र पटत नाही. नीळ मुळात पाण्यात विरघळत नाही. राखेच्या पाण्यातला क्षार आणि आंबवण मिळून तिचं पिवळट-हिरवं, विरघळणारं रूप करतात. ते धाग्यात शिरतं, आणि कापड बाहेर काढलं की हवा लागून तिथेच निळं होऊन अडकतं. पाहण्यासारखा क्षण हाच: हिरवं कापड डोळ्यांदेखत, कडांपासून आत, निळं होत जातं. म्हणजे गडदपणा चढतो तो थरावर थर. एकाच बुडीत फार वेळ ठेवलं तर आधी बसलेली निळाईसुद्धा परत विरघळायला लागते.

त्यात तुमचं कापड एलेको, म्हणजे खळीच्या नक्षीचं. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याच कसाव्याचं पीठ, तुरटी आणि किंचित मोरचूद घालून शिजवायचं (भांडं स्वयंपाकाचं नको, मोरचूद विषारी असतो), गाळायचं आणि कोंबडीच्या पिसानं कापडाच्या एकाच बाजूला त्याची नक्षी काढायची. पिसानं ओढलेली रेघ पसरली तर खळ पातळ झाली. ही खळ क्षाराच्या पाण्यात फुगते. पाच मिनिटं तग धरते, तासाभरात लगदा होऊन सुटते. म्हणून प्रत्येक बुडीनंतर कापड पूर्ण वाळवायचं, मगच पुढची. एवढं करूनही रेघा पांढऱ्याशुभ्र राहत नाहीत, फिकट निळ्या येतात. तो दोष नव्हे, एलेकोची ओळख आहे.

हाताला रंग लागतो त्याचं कारण बहुधा माठात आहे. वर तांबूस चकाकती साय आणि खाली पिवळट-हिरवं पाणी असेल तर माठ तयार. खालचं पाणीही निळं दिसलं तर नीळ धाग्यात शिरत नाही, नुसती वर चिकटते. असा माठ झाकून, ऊब देऊन एक-दोन दिवस सोडून द्या. कापड काठावरून अलगद सरकवा. वर उचलून आपटलं की हवा शिरते आणि माठ बिघडतो.

सध्याचं कापड वाचेल. उरलेली खळ गार पाण्यात भिजवून बोथट सुरीनं खरवडा, मग साबणाच्या गरम पाण्यात धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. वर चिकटलेली निळाई जाईल, कापड थोडं फिकं होईल. तयार माठात पुन्हा बुड्या देता येतील, पण खळ गेलेली असल्यानं नक्षीवरही निळा चढेल.